म्युझिकसाठी एक्स्टर्नल ड्राइव्ह कुठली घेऊ? सोलापुरातल्या एका रेकॉर्डिंगवाल्याचं लांबलचक उत्तर

मागच्या आठवड्यात जुळे सोलापुरातल्या एका पोराने फोन करून विचारलं, सर मी एफएल स्टुडिओवर गाणी बनवतो, भीमगीतं, भजनं, जत्रेचे हलगी मिक्स, लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, आतली ५१२ जीबीची एसएसडी गच्च भरली, सॅम्पल (म्हणजे वाद्यांचे रेकॉर्ड करून ठेवलेले तयार आवाज) लोड व्हायला वेळ लागतोय, मध्येच आवाज तडतडतोय, तर एक्स्टर्नल २ टीबीची हार्ड डिस्क (आत तबकडी फिरते ती) घेऊ का १ टीबीची एसएसडी (नुसत्या चिपवाली, फिरणारं काही नसलेली), आणि कंपनी कुठली चांगली. मी घाईत होतो, काहीतरी दोन वाक्यं सांगून फोन ठेवला, पण रात्री डोक्यात तेच फिरत राहिलं की आपण पोराला अर्धवट सांगितलं. म्हणून हे बसून लिहितोय. आणि सर नको म्हणू रे, दादा म्हण, मी काय कॉलेजात शिकवत नाही, अठरा-एकोणीस वर्षं एका खोलीत माईक लावून बसतोय एवढंच.

कंपनीचा प्रश्न आधी बाजूला ठेव. नाव असलेली कुठलीही घे, सगळ्यांच्या डिस्क मरतात, माझ्याकडे चार वेगवेगळ्या नावांच्या मेलेल्या पडल्यात ड्रॉवरमध्ये. प्रश्न कंपनीचा नसून त्या डिस्ककडून तू काम काय करून घेणार हा आहे, कारण म्युझिकमध्ये डिस्कला तीन वेगवेगळी कामं असतात आणि तिन्हींची गरज वेगळी. आवाज रेकॉर्ड करणं, सॅम्पल वाजवणं, आणि झालेलं काम सांभाळून ठेवणं.

रेकॉर्डिंगपासून बघू, कारण इथे लोकांचा गैरसमज लई मोठा आहे. लोकांना वाटतं ऑडिओ म्हणजे फार जड काम, फास्टात फास्ट डिस्क पाहिजे. हिशोब कर. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, मोनो ट्रॅक. सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं, प्रत्येक मोजमाप ३ बाइट, झाले १,४४,००० बाइट, म्हणजे साधारण १४४ केबी सेकंदाला. मिनिटाला ८.६४ एमबी. आता ४० ट्रॅक एकदम वाजतायत असं धर, तरी ५.७६ एमबी सेकंदाला. साधी पॅसिंजरसारखी ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणारी पोर्टेबल हार्ड डिस्क पण सलग वाचायचं असेल तर १०० एमबीच्या पुढे जाते. म्हणजे तुझी ढोलकी, हलगी, कोरस, मेन आवाज सगळं धरून १५-२० ट्रॅकचं गाणं ती डिस्क झोपेत वाजवेल. २००५-०६ च्या आसपास आम्ही असल्याच फिरत्या डिस्कवर अख्खे अल्बम केलेत, तेव्हा एसएसडी कोणाच्या बापाने पाहिली होती.

जागेचा हिशोब पण ह्याच आकड्यातून निघतो. ६ मिनिटाचं भजन, १६ ट्रॅक, ८.६४ गुणिले ९६, म्हणजे ८३० एमबीच्या आत-बाहेर. टेक जास्त घेतले, गायकाने एक अंतरा पाच वेळा म्हटला, तर दीड-दोन जीबी धर. वर्षाला ५० गाणी केलीस तरी १०० जीबी. मग ४ टीबी घेऊन त्यात काय चादरी भरणार का?

जागा खातात त्या सॅम्पल लायब्ररी. आणि डिस्कचा जीव पण तिथेच जातो.

हे नीट समजून घे, सगळी मेख इथे आहे. कॉन्टॅक्टसारखं सॅम्पलर, म्हणजे सॅम्पल वाजवणारं सॉफ्टवेअर, अख्खा आवाज रॅममध्ये घेत नाही, घेऊच शकत नाही, तेवढी रॅम कोणाकडे असते. तो प्रत्येक सुराची फक्त सुरुवात रॅममध्ये ठेवतो, तू की दाबलीस की ती सुरुवात लगेच वाजते आणि ती वाजेपर्यंत उरलेला भाग डिस्कवरून ओढून आणतो. आता पियानोचं एक पॅच, म्हणजे तयार वाद्य घे, तीन माईकने रेकॉर्ड केलेलं. तू पेडल दाबून ठेवून वीस सूर वाजवलेस की प्रत्येक सुराचे तीन आवाज, साठ ठिकाणाहून माल एकदम पाहिजे, लगेच पाहिजे. फिरत्या डिस्कचं गणित काय, ५४०० भागिले ६०, सेकंदाला ९० फेऱ्या, एका फेरीला ११ मिलिसेकंद. सरासरी अर्धी फेरी वाट बघायची, त्याच्यावर ती आतली दांडी सरकून योग्य जागी जायला अजून दहा-बारा मिलिसेकंद. म्हणजे एका सेकंदात ती जेमतेम साठ-एक जागी जाऊन येऊ शकते. तुझ्या पियानोलाच साठ जागा लागल्या. अजून व्हायोलिन यायचेत, बासरी यायचीय. एका चकरेत जरा मोठा तुकडा उचलून आणते म्हणून कसंबसं निभतं, पण जरा लोड वाढला की सूर मध्येच तुटायला लागतात.

आपल्या चादरीच्या दुकानासारखं आहे बघ. एकच लांब तागा उलगडायचा असेल तर गड्याला काही त्रास नाही, एका जागी उभा राहून सरसर उलगडतो. हे झालं रेकॉर्डिंग. पण गिऱ्हाईक म्हणालं हिरवी दाखवा, ती वरची दाखवा, मोराची दाखवा, त्या कोपऱ्यातली दाखवा, की तोच गडी शिडीवरून वर-खाली करून घामाघूम. एसएसडीला शिडीच नाही. कुठल्याही जागेवरचा माल ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास हातात. म्हणून सॅम्पलसाठी एसएसडीच, ह्यात माझ्याकडून दुसरं मत मिळणार नाही, पैसे नसतील तर थांब, दोन महिन्यांनी घे, पण सॅम्पलसाठी फिरती डिस्क नको.

अजून एक, एसएसडीवर सॅम्पल ठेवले की कॉन्टॅक्टमध्ये तो प्रीलोड बफर कमी करता येतो, म्हणजे प्रत्येक सुराची रॅममध्ये ठेवायची सुरुवात छोटी करायची. तुझी रॅम ८ जीबीच आहे ना, तुला ह्याचा फरक सगळ्यात जास्त जाणवेल. हळूहळू कमी कर, वाजवून बघ, तुटायला लागलं की एक पायरी मागे ये.

पण थांब. तू म्हणालास आवाज तडतडतो. तो डिस्कमुळेच तडतडतो हे कशावरून? माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ पोरांचा तडतडाट प्रोसेसरचा किंवा बफरचा (आवाज तयार करायला कॉम्प्युटरला मिळणाऱ्या उसंतीचा) असतो आणि ती डिस्क विकत घेऊन बसतात. सोपी तपासणी सांगतो. असा प्रोजेक्ट उघड ज्यात एकही सॅम्पल नाही, नुसते सिंथ आणि इफेक्ट. तो पण तडतडला तर डिस्क बिचारी निर्दोष आहे, बफर २५६ वरून ५१२ कर, असिओ ड्रायव्हर (ऑडिओ इंटरफेस विंडोजला जोडणारं सॉफ्टवेअर) बघ, शेवटच्या मास्टर ट्रॅकवर लावलेले चार-चार लिमिटर इफेक्ट काढ. एफएलसारखीच दुसरी सॉफ्टवेअर असतात, त्यातल्या एबलटनमध्ये डिस्क कमी पडली तर डी अक्षराचा दिवा लागतो, क्यूबेसमध्ये परफॉर्मन्स मीटरला डिस्कची वेगळी पट्टी असते. एफएलमध्ये तू ही सिंथवाली तपासणीच कर.

आणि दुसरं, एक्स्टर्नल घ्यायच्या आधी लॅपटॉपचं पोट उघडून बघ. बऱ्याच लॅपटॉपमध्ये एम डॉट टूचा, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायचा दुसरा स्लॉट रिकामा असतो, काहींमध्ये अडीच इंची डिस्कची जागा असते आणि मालकाला चार वर्षं पत्ता नसतो. सॅम्पलसाठी आतली एसएसडी बाहेरच्यापेक्षा केव्हाही बरी, केबल नाही, हिसका नाही, पोर्ट अडत नाही. रॅमचा पण स्लॉट रिकामा असेल तर खरं सांगू का, तुझ्या पैशाचा पहिला हक्क त्या रॅमचा. ८ ची १६ झाली की अर्धी तक्रार तिथेच संपेल.

आता एसएसडी कुठली ते. एक्स्टर्नल एसएसडी दोन जातीच्या मिळतात. एक जुनी साटावाली, सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास. दुसरी नवी एनव्हीएमई, १० गीगाबिटच्या यूएसबीवर १००० एमबीपर्यंत. डब्यावर मोठ्ठ्या अक्षरात १०५० लिहिलेलं असतं आणि पोरं त्याला भुलतात. सॅम्पल वाजवायला ५००वाली पुरून उरते. १००० चा फायदा कॉपी करताना होतो, लोड होताना थोडा होतो, वाजवताना जवळजवळ नाही. पण साटावाली आणि एनव्हीएमईवाली ह्यांच्या भावात फार फरक नसेल तर नवीन जातीची घे, मी उगाच जुनीला चिकटून राहा म्हणत नाही. थंडरबोल्टच्या, म्हणजे यूएसबीपेक्षा फास्ट पोर्टच्या नादी लागू नको, तुझ्या लॅपटॉपला तो पोर्ट बहुतेक नसेलच.

एक फरक मात्र डब्यावर लिहिलेला नसतो. स्वस्तातल्या एसएसडीचा लिहायचा वेग पहिल्या काही जीबीपुरताच असतो, नंतर तिचा कॅश भरतो आणि ती मुंगीसारखी चालते. क्यूएलसी चिपवाल्यांचं (एका सेलमध्ये चार बिट कोंबलेल्या) हे दुखणं जास्त, टीएलसीवाल्यांचं (तीन बिट) कमी. लायब्ररी कॉपी करून झाली की नंतर वाचायचंच काम असल्यामुळे आपल्याला तेवढा त्रास नाही, पण एसएसडी कधी गच्च भरू नको, १५-२० टक्के मोकळी ठेव. आणि १ टीबी लावल्यावर विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसेल, दुकानदाराशी भांडायला जाऊ नको, मोजायची पद्धत वेगळी आहे, सगळ्यांच्याच दिसतात.

केबल. केबलबद्दल दोन शब्द नाही, वीस शब्द सांगतो. मध्यंतरी एक जण एसएसडी घेऊन आला, दादा फसवलं मला दुकानदाराने, ४० एमबीच स्पीड येतोय. मी केबल बघितली, मोबाईल चार्जरची टाईप-सी. एसएसडीबरोबर आलेली केबल आखूड होती म्हणून साहेबांनी ती कपाटात टाकून चार्जरची लांब केबल लावली होती. दिसायला दोन्ही सारख्या, पण चार्जरच्या बहुतेक केबली आतून यूएसबी २.० च्याच असतात, तिथे ४० एमबीच्या वर काही निघत नाही. डब्यातली केबल लावली, तीच एसएसडी ९०० च्या वर गेली. दुकानदाराला उगाच शिव्या बसल्या. तसंच डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला लाव, पुढच्या पोर्टच्या आतल्या वायरी कधीकधी लई भिकार असतात. आणि ऑडिओ इंटरफेस आणि ड्राइव्ह एकाच स्वस्तातल्या हबवर कधीच नको, दोघांनी मिळून करंट ओढला की इंटरफेस मध्येच गायब होतो आणि तो नेमका चांगला टेक चालू असतानाच होतो. इंटरफेस थेट लॅपटॉपला, ड्राइव्ह थेट लॅपटॉपला, हबवर माऊस आणि डोंगल.

फिरत्या डिस्कचा अजून एक त्रास रेकॉर्डिंगवाल्यांना असतो जो नुसतं बीट बनवणाऱ्यांना कळत नाही. तिचा आवाज. ५४०० ची डिस्क म्हणजे ९० हर्ट्झची बारीक घूं. टेबलावर ठेवली की टेबल तिला साथ देतं. आपल्या एका खोलीच्या स्टुडिओत माईक त्याच टेबलापासून पाच फुटावर. मी एकदा पखवाज रेकॉर्ड करत होतो, वादकाने धुम्याला कणीक लावून मस्त घुमणारा केला होता, आणि खालच्या पट्टीत काहीतरी सतत घुमतंय, मला वाटलं पंखा राहिला, पंखा बंद, मला वाटलं फ्रिज, फ्रिज बंद केला, शेवटी डिस्क उचलून उशीवर ठेवली तेव्हा शांत झालं. उशीवर पण ठेवू नको, तापते. खाली जुनं माऊसपॅड ठेव. उलट पण होतं, आवाजाने डिस्कला त्रास होतो. मॉनिटर स्पीकरवर किंवा सबवूफरवर डिस्क ठेवणारे महाभाग मी बघितलेत. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका इंजिनिअरने जुना किस्सा लिहिला होता, एका गाजलेल्या इंग्रजी गाण्यातल्या एका फ्रिक्वेन्सीमुळे त्या काळच्या काही लॅपटॉपमधल्या ५४०० च्या डिस्क बंद पडायच्या, ते गाणं शेजारच्या लॅपटॉपवर वाजलं तरी. आपल्याकडे तर मिरवणुकीचं मिक्स चेक करताना खिडकीच्या काचा वाजतात.

आता सोलापूरचं ऊन. पुण्या-मुंबईचे लोक सल्ले देतात त्यात हे नसतं. मे महिन्यात आपल्याकडे ४२-४३ डिग्री, वर पत्रा, आणि टेक चालू असताना कूलर बंद, पंखा बंद, नाहीतर माईकमध्ये सगळा वाराच येतो. त्या खोलीत एनव्हीएमईची ॲल्युमिनियमची डबी तासाभराने हातात धरवत नाही. तापली की ती स्वतःहून वेग कमी करते, हे तिचं संरक्षण आहे, बिघाड नाही. वाजवण्यापुरतं तिला तेवढं तापायला होत नाही, पण १०० जीबी कॉपी करत असशील तर उघड्यावर ठेव, लॅपटॉपच्या गरम हवेच्या जाळीपुढे तर अजिबात नको, आणि ते जे रबरी कव्हर मिळतं ना वेगळं, ते काढून ठेव.

लाईटचं पण बघ. साडेतीन इंची मोठ्या डिस्क स्वस्त पडतात टीबीच्या मानाने, ७२०० च्या पण मिळतात, पण त्यांना वेगळा अडॅप्टर लागतो. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि डिस्क मात्र धाडकन बंद. लिहिता लिहिता बंद. यूपीएस नसेल तर लॅपटॉपवाल्याने मोठी डिस्क घेऊ नये, यूएसबीच्याच करंटवर चालणारी छोटी घ्यावी.

हे इतकं ठामपणे का सांगतोय ते पण सांगतो. २०१३ ची गोष्ट, आषाढीच्या आधी एका भजनी मंडळाचे नऊ अभंग करत होतो, वारी निघायच्या आत सीडी पाहिजे होती त्यांना. पैसे वाचवायचे म्हणून सगळं एकाच पोर्टेबल डिस्कवर. एक्सफॅट फॉरमॅट, त्याचं पुढे सांगतो. नवव्या अभंगाचा टेक संपत आला, टाळवाले आजोबा उठले, त्यांच्या पायात केबल अडकली. डिस्क पडली नाही, नुसती केबल निघाली. परत लावली तर विंडोज विचारतंय, फॉरमॅट करायची का. मी पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो. मंडळींना वाटलं मी अभंग ऐकून तल्लीन झालोय.

रिकव्हरी सॉफ्टवेअरने फाईली निघाल्या, ३१२ वेव्ह फाईली, आणि एकीलाही नाव नाही. फाईल एक, फाईल दोन, फाईल तीन. फोल्डर नाही काही नाही. चार रात्री बसून एकेक ऐकली. टाळ क्लोज, टाळ लांबचा, पखवाज डावा, पखवाज उजवा, कोरस, आणि कुठला अभंग ते टाळाच्या लयीवरून ओळखायचं. एवढंच नशीब की फाईली ब्रॉडकास्ट वेव्ह होत्या, त्यांच्या आत टाइमस्टॅम्प असतो, त्यामुळे ओळखल्यावर टाइमलाईनवर आपापल्या जागी बसल्या. आठ अभंग मिळाले. नववा गेला तो गेलाच. आणि बुवा तोपर्यंत दिंडीबरोबर चालायला लागले होते, आले ते घसा बसवून. ती सीडी कार्तिकीला निघाली. बुवा काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

तर फॉरमॅट. एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतो म्हणून सगळे तोच करतात, पण त्याच्यात जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही नसते, त्यामुळे मध्येच केबल निघाली तर तो स्वतःला सावरू शकत नाही. तू विंडोजवरच काम करतोस ना, मग एनटीएफएस कर, त्याच्यात जर्नल आहे. मॅकवर एनटीएफएस वाचता येतं, लिहिता येत नाही. मिक्सिंगला फाईली घेऊन हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जायचं असेल आणि तिथे मॅक असेल, तर नेण्यापुरता एक वेगळा पेनड्राइव्ह किंवा छोटी एसएसडी एक्सफॅट ठेव, कॉपी घेऊन जा, मूळ घरी. फॅट३२ कुठेच नको, ४ जीबीच्या वरची फाईल घेत नाही तो. आणि काढताना सेफली रिमूव्ह कर, दोन क्लिक आहेत रे.

अजून एक बारीक गोष्ट, पण रोजच्या डोकेदुखीची. विंडोज एक्स्टर्नल ड्राइव्हला आज ई अक्षर देईल, उद्या पेनड्राइव्ह आधी लावलास की एफ देईल. मग एफएल उघडलं की सगळे सॅम्पल गायब, कॉन्टॅक्ट विचारतंय फाईली कुठायत. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला कायमचं एखादं लांबचं अक्षर देऊन टाक, मी एस देतो, सॅम्पलचा एस. आठ वर्षांत तीन लॅपटॉप बदलले, प्रोजेक्ट अजून उघडतात.

फिरती डिस्क मग घ्यायचीच नाही का? घ्यायची की. बॅकअपसाठी तीच घ्यायची. रोजचं काम एसएसडीवर, आणि रात्री झोपायच्या आधी त्या गाण्याचा फोल्डर फिरत्या डिस्कवर कॉपी, मग केबल काढून कपाटात. छोट्या पोर्टेबल डिस्क आता बहुतेक एसएमआर जातीच्या असतात, ट्रॅक एकमेकांवर कौलासारखे चढवलेले, त्यामुळे खूप मोठं लिहायला लागलं की सुरुवातीला पळतात आणि मग दम लागतो. बॅकअपला काय फरक पडतो, तू झोपलेला असतोस.

एसएसडीवर बॅकअप ठेवून ड्रॉवरमध्ये टाकू नको. जेडेक ह्या चिपचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं जे स्टँडर्ड आहे त्यात घरगुती एसएसडीने लिहून लिहून पूर्ण झिजल्यानंतर करंटशिवाय ३० डिग्रीत १ वर्ष डेटा धरावा एवढीच अट आहे. नवी एसएसडी त्यापेक्षा पुष्कळ जास्त धरते, पण आपल्या पत्र्याखालच्या कपाटात ३० डिग्री कुठे रे असतं उन्हाळ्यात. शिवाय एसएसडी मरताना सांगत नाही. फिरती डिस्क टकटक करते, हळू होते, क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर लावलंस तर रीॲलोकेटेड सेक्टर (खराब झालेल्या जागा) आणि पेंडिंग सेक्टर (संशयित जागा) ह्यांचे आकडे वाढताना दिसतात, शून्याचे दहा झाले की मी त्या डिस्कवर नवीन काही ठेवत नाही. एसएसडी काल चालू, आज लॅपटॉपला दिसतच नाही, आणि तिच्यातून डेटा काढणं जास्त अवघड.

वॉरंटीबद्दल, ३ वर्षं, ५ वर्षं काय लिहिलंय ते बघ, जीएसटीचं बिल घे, पण लक्षात ठेव वॉरंटी डिस्कची असते, तुझ्या गाण्यांची नसते. नवीन डिस्क हातात देतील, अभंग नाही देणार.

बॅकअप करताना नुसती एफएलपी, म्हणजे एफएलची प्रोजेक्ट फाईल कॉपी करून उपयोग नाही, तिच्यात सॅम्पल नसतात, नुसते पत्ते असतात. एक्स्पोर्टमध्ये झिप्ड लूप पॅकेज आहे, ते कर. एबलटनमध्ये कलेक्ट ऑल अँड सेव्ह. आणि गाणं फायनल झालं की प्रत्येक ट्रॅक शून्यापासून २४ बिट वेव्हमध्ये काढून ठेव, कारण सहा वर्षांनी मंडळाचा अध्यक्ष येऊन म्हणणार हेच गाणं नवीन नाव टाकून द्या आणि तेव्हा तुझं ते प्लगइन कुठल्याच विंडोजवर चालत नसणार. वेव्ह मात्र चालणार.

ऑनलाईन १६ टीबीची एसएसडी दोन-अडीच हजारात दिसेल. घेऊ नको. माझ्या भाच्याने घेतली, उघडून बघितली, आत मेमरी कार्ड आणि डिंक. विंडोजला ती १६ टीबी असल्याचं खोटं सांगते, फाईल कॉपी पण होते, नावं दिसतात, वाजवायला गेलं की आत काही नाही. कुठलीही नवीन ड्राइव्ह आली की एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवायचं, ते अख्खी ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं. १ टीबीला काही तास जातात, जाऊ दे, परत करायची मुदत संपायच्या आत कळलेलं बरं.

मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं? १ टीबीची एसएसडी का २ टीबीची हार्ड डिस्क ह्यातलं एकही नाही. तेवढ्याच पैशात ५०० जीबीची चांगली एसएसडी सॅम्पल आणि चालू कामासाठी, आणि १ टीबीची साधी फिरती डिस्क बॅकअपसाठी, दोन वस्तू घेतल्या असत्या. एसएसडीचे भाव सारखे वर-खाली होतात म्हणून आकडा लिहीत नाही, नवी पेठेत दोन दुकानं फिर, ऑनलाईनशी ताडून बघ. पैसे थोडे कमी पडत असतील तर एसएसडी पुढे ढकल, बॅकअपची डिस्क आधी घे, तडतड सहन करता येते. आणि पुढच्या गणपतीच्या कमाईतून अजून एक फिरती घे आणि ती घरात ठेवू नको, मामाकडे अक्कलकोटला ठेव, महिन्यातून एकदा स्वामींच्या दर्शनाला जातोसच, तेव्हा भरून आणून ठेवत जा.

पण हे सगळं लॅपटॉप उघडून बघितल्यावर. खालच्या बाजूला स्टिकरवर मॉडेल नंबर असेल, त्याचा फोटो पाठव, दुसरा स्लॉट आहे का मी बघतो. स्वतः उघडणार असशील तर आधी बॅटरी बंद कर, आणि स्क्रू काढशील ते ज्या जागेचे त्या जागेप्रमाणे कागदावर मांडून ठेव, दोन लांबीचे असतात, लांब स्क्रू चुकीच्या जागी बसला तर वरच्या बाजूने कीबोर्डला टेंगूळ येतं.